शिव्या क्वार्टरबॅकला, सौदा मालकांचा

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी रात्री अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला आणि “मावशी, नंतर बोलतो, मॅच चालू आहे” असं उत्तर आलं, तर ती मॅच बहुधा फुटबॉलची असते. आपला पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. तिकडचा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. भाचा शार्लट शहरात राहत असेल, तर गेल्या काही वर्षांत तो नंतरच्या फोनवरही धड बोलला नसेल.

शार्लटचा संघ कॅरोलायना पँथर्स. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर आणखी चार, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू येतो क्वार्टरबॅकच्या हातात. अंगावर दीडशे किलोची माणसं धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं, की चेंडू कुणाकडे फेकायचा. सगळ्यांना दिसतो तोच, म्हणून कौतुकही त्याचं आणि शिव्याही त्यालाच.

2023 मध्ये पँथर्सनी ब्राइस यंग नावाचा मुलगा क्वार्टरबॅक म्हणून घेतला. कॉलेजमध्ये अलाबामाकडून खेळताना 2021 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेला, डोक्याने तल्लख, उंची मात्र पाच फूट दहा इंच. या खेळात ती कमीच. नव्या खेळाडूंच्या निवडीला तिकडे ड्राफ्ट म्हणतात आणि त्यात तळाच्या संघाला पहिला हक्क असतो. हरलेल्यांना तेवढाच दिलासा. यंगसाठी पँथर्सनी तो पहिला क्रमांक शिकागो बेअर्सकडून विकत घेतला. बदल्यात ड्राफ्टमधले चार हक्क दिले, त्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीचा हक्कही होता. आणि वर डी. जे. मूर दिला, म्हणजे संघातला सर्वांत भरवशाचा झेल घेणारा. शेत विकून बैल आणला, असाच हा व्यवहार. आता नांगरायचं काय?

ते वर्ष कसं गेलं? सतरापैकी दोन विजय. यंगला चेंडू हातात असतानाच 62 वेळा आडवं केलं. त्याला सांभाळणाऱ्या फळीतले गार्ड जायबंदी होऊन बसले होते. अकरा सामन्यांनंतर प्रशिक्षक फ्रँक राइख यांना घरी पाठवलं. शेवटचे दोन सामने 26-0 आणि 9-0 असे गेले, दोन्हीत पँथर्सचा भोपळा. त्यातल्या पहिल्या सामन्यात संघाचे मालक डेव्हिड टेपर यांनी पेल्यातलं पेय प्रेक्षकांवर फेकलं. ही स्पर्धा चालवणाऱ्या लीगने, एनएफएलने, तीन लाख डॉलर दंड केला. (तेवढाच काय तो त्या दिवशीचा नेमका थ्रो, असं म्हणायचा मोह होतो.)

पण चाहत्यांच्या संतापाचं खरं मूळ वेगळं आहे. एरवी संघ वाईट हरला, की चाहता म्हणतो, जाऊ दे, पुढच्या वर्षी चांगला खेळाडू तरी मिळेल. शार्लटच्या माणसाला तेही म्हणता येईना, कारण तो हक्क शिकागोला देऊन झाला होता. पँथर्स जितके हरतील, तितकं शिकागोचं भलं. पँथर्स सर्वांत खाली राहिले आणि त्यांचा पहिला क्रमांक वापरून शिकागोने केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. त्यात यंगच्या मागून दुसऱ्या क्रमांकावर गेलेला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला. आता सांगा, यात यंगचा गुन्हा कोणता? स्वतःची किंमत त्याने ठरवली नव्हती.

2024 मध्ये प्रशिक्षक नवे, डेव्ह कॅनालेस. गार्ड नवे आणि महागडे. तरी पहिल्या दोन सामन्यांत सपाटून मार. घरच्या मैदानावर यंगने चेंडू फेकून मिळवलेले यार्ड अवघे 84, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्याला बाकावर बसवलं. मग अनुभवी अँडी डाल्टन उतरला आणि लास वेगासमध्ये 36 गुण झाले. टीकाकार म्हणाले, बघा, दोष पोराचाच! त्यात तथ्यही होतं. यंग खरोखर बिचकून खेळत होता. पण त्यानंतरचे चार सामने डाल्टनही हरला.

पुढे मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला आणि यंगला पुन्हा संधी मिळाली. या वेळी तो बेधडक फेकू लागला. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाला जादा वेळेत 44-38 हरवलं. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच अटलांटाविरुद्ध 448 यार्ड फेकून त्याने संघाचा विक्रम केला, आणि त्या मोसमात पँथर्सनी आपला गटही जिंकला. बाद फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध यंगने शेवटची काही मिनिटं उरली असताना आघाडी मिळवून दिली, ती बचाव फळीने शेवटच्या मिनिटात घालवली. 34-31.

भाच्याला आता फोन केलात, तर तो अजून चिडलेलाच असेल. पण या वेळी बचाव फळीवर.