आधी भिंत, मग झुंबर

जुन्या वाड्याचं संग्रहालय करणं, या विषयात आपण नागपूरकर जरा चमत्कारिक जागी उभे आहोत. १८६३ मध्ये इथे संग्रहालय सुरू झालं. लोकांनी त्याला 'अजब बंगला' म्हटलं, पण राजवाडा काही तो नव्हता. राजवाडा होता महाल भागात, भोसल्यांचा, काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने भरलेला. तो १८६४ मध्ये जळाला आणि नक्कारखाना तेवढा उरला. संग्रहालय आलं आणि पुढच्याच वर्षी वाडा गेला! त्यामुळे वाड्याचं संग्रहालय कसं होतं हे पाहायला आपल्याला हैदराबादची गाडी धरावी लागते. आजचं व्याख्यान तिथल्या दिवाण देवडीवर, म्हणजे सालारजंग घराण्याच्या वाड्यावर आहे. पत्रिकेतही तसंच छापलंय.

देवडीत शिरण्याआधी भिंतीपाशी दोन मिनिटं थांबू. हसू नका, खरंच दोनच.

वाडा राहता असतो तोवर चुन्याची भिंत श्वास घेत असते. जोत्यातून ओल चढते आणि गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. मग मालक जातो, वाडा सरकारकडे किंवा ट्रस्टकडे येतो आणि उद्घाटनाची तारीख आधी ठरते. तळाचा फुगलेला गिलावा खरवडून तिथे तीन-चार फूट सिमेंट थापतात. वरून ऑइल पेंट. पाहुणे येतात, फीत कापतात, भिंत झकास दिसते.

आता ओलीला वाट नाही. ती सिमेंटच्या मागून वर चढते आणि पट्टा संपतो तिथे फुटते. पाण्यात विरघळलेले क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिक होऊन वाढतात, आणि विटेचं तोंड पापुद्र्यांनी गळायला लागतं. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. कंत्राटदार मग पट्टा दोन फूट वर नेतो. लोणाही दोन फूट वर सरकतो. कंत्राटदाराचं बिल मात्र दोन्ही वेळा निघतं. ही चढाओढ तुळईपर्यंत पोचली की खेळ संपला, कारण तुळईचं टोक भिंतीत बसवलेलं असतं. ते आतल्या आत कुजतं, वाळवी लागते, आणि खालून पाहणाऱ्याला रंगवलेलं छत तेवढं दिसतं.

उपाय महाग नाही, वेळखाऊ आहे. आधी पाणी येतं कुठून ते शोधा. पन्हळ फुटलेली असते, किंवा भर घालून घालून अंगणच जोत्याच्या वर आलेलं असतं. ते सोडून भिंतीला औषध लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावलात तर वीट सोबत येईल. एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. कळीचा चुना विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. जुने गवंडी महिनोनमहिने मुरवत. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, आणि तडे जाऊ नयेत म्हणून तागाचे बारीक तुकडे. गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा यांवर गवंड्यांची भांडणं आहेत. त्यात आज पडत नाही. थर दहा-बारा मिलिमीटरचा, एक घट्ट झाल्यावर दुसरा.

आणि हे काम नागपुरात मे महिन्यात काढू नका! चुना कडक होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, आणि त्यासाठी थरात ओलावा टिकावा लागतो. ४५ अंशांत तो दुपारपर्यंतही टिकत नाही, गिलाव्याची भुकटी होते. दिवाळीनंतर काढा आणि आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा.

मेवरून आठवलं, कूलर. राजेहो, नागपुरात कूलरविरुद्ध बोलणं म्हणजे मार खाण्याची तयारी हवी. पण कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. बंद दालनात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदाला आणि कापडाला बुरशी धरते. संध्याकाळी कूलर बंद, रात्रभर कोरडं, सकाळी पुन्हा भिजकं. लाकूड रोज फुगतं, रोज आकसतं, शेवटी सांधे सुटतात. रखवालदाराला कूलर जरूर द्या, पैठणीला नको. दालनाच्या खिडक्या पहाटे उघडा आणि ऊन चढायच्या आत लावून घ्या; जाड भिंती उरलेलं काम करतात.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, देवडी.

सालारजंग तिसरे, म्हणजे मीर युसुफ अली खान, काही काळ निजामाचे दिवाण. २ मार्च १९४९ ला वारले. लग्न केलेलं नव्हतं, वारस नव्हता. मागे राहिली दिवाण देवडी, तिचा आईनाखाना म्हणजे आरशांचं दालन, चिनीखाना म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं दालन, आणि तीन पिढ्यांनी जमवलेल्या वस्तू. इटालियन शिल्पकार बेंझोनीचा 'बुरख्यातली रेबेका' हा संगमरवरी पुतळा पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये घेतलेला. देवडीतच संग्रहालय मांडलं गेलं. मांडणी आयरिश कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांची, उद्घाटन १६ डिसेंबर १९५१ ला नेहरूंच्या हस्ते. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने हे संग्रहालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं आणि १९६८ मध्ये मुसी नदीच्या काठी नव्या इमारतीत गेलं.

जाण्याला अर्थ होता. राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. लोक उभ्याने गर्दी करतात तिथे ५००. तिथलं ते प्रसिद्ध घड्याळ आठवा. दर तासाला दाढीवाला छोटा माणूस ठोके द्यायला बाहेर येतो आणि सगळं संग्रहालय त्याच्यासमोर गोळा होतं. ही गर्दी माडीवर, जुन्या तुळयांवर उभी करायची?

पण वस्तू हलल्या आणि देवडीला वाली उरला नाही. बहुतेक इमारती पाडल्या गेल्या; दरवाजांच्या कमानी राहिल्या. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की संग्रहालयाच्या नोंदवहीत क्रमांक १ वाड्याचा हवा, तलवारीचा नव्हे. प्रत्येक भिंतीचा पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून फोटो. प्रत्येक तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी, दोन्ही टोकं गिलाव्याने चिकटवलेली, शेजारी तारीख. तडा हलला की काच तुटते. तुटलेली काच झाडून टाकू नका, तारीख लिहून अभियंत्याला बोलवा.

उजेडाबद्दल, नाजूक वस्तूंवरच्या ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) मर्यादेबद्दल, बोलायचं राहिलं. अध्यक्ष उभे राहिलेत, आणि त्यांच्या हातातल्या घड्याळातून कुणी छोटा माणूस बाहेर येईलसं दिसत नाही. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलापाशी घेऊ.