लाल गाळ, बुडालेली दरी आणि स्ट्रासबर्गमधील आघाडी

1973 सालच्या फेब्रुवारी महिन्यात भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर, बास्तिया या बंदराच्या शहरात, लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. समोरच्या इटालियन किनाऱ्यावर स्कार्लिनो येथे माँटेडिसन कंपनीचा टायटॅनियम डायऑक्साइडचा कारखाना होता. रंगांना शुभ्रपणा देणारी ही भुकटी तयार करताना उरणारा आम्लयुक्त लाल गाळ जहाजांत भरून कॉर्सिकाच्या उत्तर टोकापलीकडील समुद्रात सोडला जात असे. कारखाना इटलीचा, समुद्र कॉर्सिकाच्या मच्छीमारांचा आणि त्या समुद्राबाबत निर्णय घेण्याचा अधिकार पॅरिसमधील सरकारचा, अशी ही परिस्थिती होती. पॅरिस ढिम्म हलत नाही, हे दिसल्यावर बास्तियाचा मोर्चा उग्र झाला आणि त्याचे पर्यवसान दंगलीत झाले.

हे आंदोलन पर्यावरणाचे होते की कॉर्सिकन अस्मितेचे, असा प्रश्न नंतर अभ्यासकांनी विचारला. मोर्चात चालणाऱ्यांना मात्र ही फोड करण्याची गरज भासली नसावी. आपला समुद्र खराब होतो आहे आणि तो थांबवण्याचा अधिकार आपल्या हातात नाही, ही त्यांच्या दृष्टीने एकच तक्रार होती. आज स्ट्रासबर्ग येथील युरोपीय संसदेत हरित (पर्यावरणवादी) पक्ष आणि प्रादेशिक पक्ष एकाच गटात का बसतात, हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या तक्रारीपासून करावी लागते.

त्याच काळात दक्षिण फ्रान्समधील लार्झाक या पठारावर सैन्याचा तळ 3,000 हेक्टरवरून 17,000 हेक्टरपर्यंत वाढवण्याची योजना सरकारने जाहीर केली होती. हे पठार मेंढपाळांचे होते. 1972 साली तेथील 103 शेतकऱ्यांनी आपली जमीन विकणार नाही अशी शपथ घेतली, आणि त्याच वर्षी ते आपल्या मेंढ्या घेऊन थेट पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी पोहोचले. आंदोलनाची घोषणा फ्रेंच भाषेत नव्हती. ‘गार्दारेम लो लार्झाक’, म्हणजे ‘लार्झाक आम्ही राखू’, ही घोषणा त्यांनी ऑक्सितान या तेथील जुन्या भाषेत दिली. दहा वर्षे चाललेल्या या लढ्यात शांततावादी, पर्यावरणवादी आणि भाषाप्रेमी कार्यकर्ते एकत्र राहिले, आणि 1981 साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर फ्रान्स्वा मित्तराँ यांनी ती योजना रद्द केली. याच पठारावर स्थायिक झालेले जोझे बोव्हे पुढे 2009 साली हरित पक्षाच्या यादीतून युरोपीय संसदेत निवडून गेले.

वेल्समधील आठवण याहून कडू आहे. लिव्हरपूल शहराला पाणी पुरवण्यासाठी ट्रायवेरिन दरीत धरण बांधण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने 1957 साली मंजूर केला. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. 1965 साली कॅपेल केलिन हे वेल्श भाषक गाव, तेथील शाळा, प्रार्थनाघर आणि शेतघरांसह पाण्याखाली गेले. वेल्समधील प्लाइड कम्री हा पक्ष पाणी, जमीन आणि भाषा यांविषयी एकाच श्वासात का बोलतो, याचे उत्तर या दरीत आहे. 1992 साली सिनोग डेव्हिस हे प्लाइड कम्री आणि हरित पक्ष यांचे संयुक्त उमेदवार म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून आले, यात म्हणूनच फारसे नवल नव्हते.

तथापि, समान भावना असली म्हणजे आघाडी होतेच असे नाही. युरोपीय संसदेतील आघाड्यांना आणखी एक कारण असते, आणि ते आकड्यांचे आहे. या संसदेत खासदार देशानुसार बसत नाहीत, विचारांच्या गटांनुसार बसतात. गट मान्य व्हायचा असेल तर आजच्या नियमाप्रमाणे किमान 23 खासदार लागतात आणि ते किमान 7 देशांतून आलेले असावे लागतात. भाषणासाठी मिळणारा वेळ, समित्यांमधील पदे, एखाद्या कायद्याचा अहवाल लिहिण्याची जबाबदारी, कर्मचारी आणि निधी, हे सर्व गटांमार्फत वाटले जाते. गटाबाहेरच्या खासदाराला मत देता येते आणि थोडे बोलता येते. कायदा घडवण्याच्या खऱ्या कामात मात्र त्याला क्वचितच वाव मिळतो. स्कॉटलंड, बेल्जियममधील फ्लँडर्स, स्पेनमधील गॅलिसिया किंवा कॉर्सिका येथून एखाददुसरा खासदार घेऊन येणाऱ्या पक्षांना हा नियम फार जाचक ठरतो.

1979 साली पहिली थेट निवडणूक झाली तेव्हा प्रादेशिक पक्षांची अवस्था विखुरलेली होती. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या विनी यूइंग यांनी फ्रान्सच्या द गोलवादी खासदारांबरोबर बसणे पत्करले. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या नेत्या केंद्रीकृत फ्रेंच राज्याच्या कट्टर समर्थकांशेजारी बसल्या होत्या, एवढ्यावरून त्या वेळच्या पर्यायांची चणचण लक्षात यावी. बेल्जियममधील फ्लेमिश पक्ष फोल्क्सउनीचे मॉरिट्स कॉपिटर्स इटलीच्या रॅडिकल पक्षाचे मार्को पानेला व एम्मा बोनिनो यांच्यासह एका तांत्रिक गटात गेले. या गटाला समान विचार नव्हता. गट म्हणून मान्यता मिळवणे एवढाच त्याचा हेतू होता. 1981 साली प्रादेशिक पक्षांनी युरोपियन फ्री अलायन्स ही आपली संघटना उभारली, ती ही विखुरलेली ताकद एकत्र आणण्यासाठीच.

1984 साली जर्मनीच्या हरित पक्षाने युरोपीय संसदेत प्रवेश केला आणि हरित व प्रादेशिक खासदार प्रथमच एका छत्राखाली आले. रेनबो ग्रुप असे या गटाचे नाव होते, आणि त्यात युरोपीय समुदायालाच विरोध करणारे डॅनिश खासदारही होते. 1989 साली हरित पक्षांना स्वतःच्या बळावर गट करण्याइतक्या जागा मिळताच ते वेगळे झाले आणि प्रादेशिक पक्ष मागे उरले. कॉर्सिकाचे मॅक्स सिमेओनी यांची त्या वेळची स्थिती फार बोलकी आहे. ते फ्रान्सच्या हरित पक्षाच्या यादीतून निवडून आले होते. संसदेत मात्र ते रेनबो गटात बसले. 1994 साली तर उरलेल्या प्रादेशिक खासदारांना फ्रेंच उद्योगपती-राजकारणी बर्नार तापी यांच्या यादीतून आलेल्या फ्रेंच रॅडिकल खासदारांचा आधार घ्यावा लागला.

त्याच 1994 साली आणखी एक निर्णय झाला, आणि माझ्या मते पुढील आघाडीच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा होता. उत्तर इटलीतील लेगा नॉर्द हा पक्ष युरोपियन फ्री अलायन्सचा सदस्य होता. त्याने बेर्लुस्कोनी यांच्या सरकारात फॅसिस्ट परंपरेतून आलेल्या पक्षाबरोबर भागीदारी केली, तेव्हा अलायन्सने त्याचे सदस्यत्व निलंबित केले. आपल्या प्रदेशाचा अभिमान आणि परक्याचा द्वेष यांत सीमारेषा आखावी लागते, आणि ती आखताना जागा गमवाव्या लागल्या तरी चालतील, असे त्या संघटनेने ठरवले. हा निर्णय झाला नसता, तर हरित पक्षांना तिच्याशी हात मिळवणे जवळजवळ अशक्य झाले असते.

1999 सालच्या निवडणुकीनंतर हा हात मिळाला. 38 हरित आणि 10 प्रादेशिक अशा 48 खासदारांचा संयुक्त गट स्थापन झाला. प्रादेशिक बाजूला स्कॉटलंड, वेल्स, फ्लँडर्स, बास्क प्रदेश, गॅलिसिया आणि आंदालुसिया येथील प्रतिनिधी होते. गटाच्या नावात दोन्ही बाजूंची नावे ठेवण्यात आली. गटाचे सहअध्यक्षपद हरित पक्षांकडे राहिले, तर प्रादेशिक पक्षांना स्वतंत्र उपगट आणि त्या उपगटाचा स्वतंत्र अध्यक्ष मिळाला. घर एक आणि चुली दोन, अशी ही व्यवस्था होती. विलीन न होण्याचे आधीच ठरल्यामुळे कोणालाही आपण गिळले जाऊ अशी भीती उरली नाही, आणि ही आघाडी पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकली, याचे मोठे श्रेय मी या व्यवस्थेला देतो.

याच पहिल्या कार्यकाळात गॅलिसियाचे कामिलो नोगेइरा सभागृहात गॅलिशियन भाषेत बोलत असत. गॅलिशियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा नाही. परंतु ती पोर्तुगीजच्या इतकी जवळची आहे की पोर्तुगीज भाषेच्या दुभाषांच्या व्यवस्थेतून त्यांचे म्हणणे सभागृहापर्यंत पोहोचत असे. नियमाला धक्का न लावता आपली भाषा संसदेत ऐकवण्याचा हा मार्ग होता, आणि त्यामागे केवढी जिद्द असावी याची कल्पना करता येते. पुढे कॉर्सिकाचे फ्रान्स्वा अल्फोन्सी 2009 साली हरित यादीतून निवडून आले. युरोपातील संकटग्रस्त भाषांविषयीचा त्यांचा अहवाल संसदेने सप्टेंबर 2013 मध्ये प्रचंड बहुमताने स्वीकारला. अहवाल लिहिण्याची जबाबदारी गटामार्फत मिळते, हे लक्षात घेतले तर या आघाडीने कॉर्सिकाच्या एकट्या प्रतिनिधीला काय मिळवून दिले ते स्पष्ट होते.

मतभेदांच्या जागाही तितक्याच खऱ्या आहेत. सत्तरच्या दशकात स्कॉटिश नॅशनल पार्टीची प्रसिद्ध घोषणा ‘हे तेल स्कॉटलंडचे आहे’ अशी होती. उत्तर समुद्रातील तेलाच्या उत्पन्नावर स्वतंत्र देशाचे गणित मांडणारा पक्ष आणि तेल जमिनीखालीच राहू द्या म्हणणारा पक्ष, यांचे सूर नेहमी जुळणे शक्य नव्हते. स्ट्रासबर्गमध्ये ही तेढ बरीचशी झाकून राहिली, कारण तेथे कोणालाच सरकार चालवायचे नव्हते. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरामध्ये, सत्ता हातात आली तेव्हा ती उघड झाली. 2021 साली स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि स्कॉटिश ग्रीन्स यांच्यात सत्तेतील सहकार्याचा करार झाला. 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन 75 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट स्कॉटिश सरकारने सोडून दिले, आणि त्यानंतर काही दिवसांतच, एप्रिल 2024 मध्ये, तो करार संपुष्टात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्कॉटिश सरकारचे प्रमुख हमझा युसुफ यांनी पायउतार होत असल्याची घोषणा केली.

फ्लँडर्समध्ये वाट वेगळ्या कारणाने फुटली. फोल्क्सउनी 2001 साली दुभंगला. त्याचे एक खासदार बार्ट स्टास फ्लेमिश हरित पक्षात गेले आणि हरित-प्रादेशिक गटातच राहिले. त्यातून निघालेला दुसरा पक्ष, एन-व्हीए (न्यू फ्लेमिश अलायन्स), हळूहळू उजवीकडे सरकला. 2014 साली चार जागा जिंकल्यावर एन-व्हीएने हा गट सोडला आणि ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या गटात प्रवेश केला. बास्क नॅशनलिस्ट पार्टीने त्याआधीच, 2004 साली, उदारमतवादी गटाची वाट धरली होती. लॅटव्हियातील रशियन भाषक अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधी तात्याना झ्दानोका यांचा प्रसंग सर्वांत क्लेशदायक म्हणावा लागेल. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी गटाने त्यांना अनेक वर्षे साथ दिली होती. परंतु युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणाऱ्या 1 मार्च 2022 रोजीच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या 13 खासदारांत त्या होत्या, आणि त्यानंतर गटात त्यांना स्थान उरले नाही. अल्पसंख्याकांचा कैवार आणि शेजारच्या बलाढ्य राज्याचा कैवार यांतील फरक ओळखण्याची वेळ तेव्हा आली, आणि गटाने तो ओळखला.

स्पेनपासून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या कॅटलोनियाच्या प्रश्नाने आघाडीची परीक्षा आणखी वेगळ्या प्रकारे पाहिली. हरित पक्षांपैकी अनेकांना स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य असला, तरी नवा स्वतंत्र देश निर्माण करण्याविषयी त्यांचे एकमत नव्हते. स्वातंत्र्यवादी कॅटलान नेते ओरिओल जुंकेरास 2019 साली तुरुंगात असताना युरोपीय संसदेवर निवडून आले. निकाल जाहीर होताच त्यांना संसदीय संरक्षण लागू झाले होते, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने त्या वर्षीच्या 19 डिसेंबरला दिला. तरीही जानेवारी 2020 मध्ये त्यांची जागा रिकामी झाल्याचे संसदेने घोषित केले. गटाने त्यांची बाजू लावून धरली, कारण मतदाराने निवडलेल्या प्रतिनिधीचा प्रश्न स्वातंत्र्याच्या प्रश्नाहून अलग करता येत होता. दुसरे स्वातंत्र्यवादी कॅटलान नेते कार्लेस पुजदेमों यांचा पक्ष मात्र युरोपियन फ्री अलायन्समध्ये नव्हता, आणि ते स्वतः कोणत्याही गटाविना संसदेत बसले.

जानेवारी 2020 च्या 31 तारखेला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि गटाचे 11 खासदार एका दिवसात गेले. त्यांत सात हरित, तीन स्कॉटिश आणि एक वेल्श होते. स्कॉटलंडने 2016 च्या सार्वमतात युरोपात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता, त्यामुळे हा निरोप स्कॉटिश खासदारांना विशेष जड गेला. एका रिकाम्या जागेवर आलेल्या हेदर अँडरसन यांना तर जेमतेम काही दिवसांची खासदारकी लाभली. प्रादेशिक बाजू तेव्हापासून दुबळी झाली आहे, हे मान्य करावे लागेल.

कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन यांना युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषांच्या पंक्तीत बसवावे, अशी मागणी स्पेन सरकारने 2023 साली केली. त्यासाठी सर्व 27 सदस्य देशांची संमती लागते, आणि मे 2025 मध्ये हा विषय पुन्हा सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेपुढे आला तेव्हा तो पुन्हा लांबणीवर पडला. संसदेत मिळवलेले बहुमत मंत्रिपरिषदेच्या दारात थांबते, कारण तेथे देश बोलतात, प्रदेश बोलत नाहीत.

2024 च्या निवडणुकीत संयुक्त गटाला 53 जागा मिळाल्या. स्पेनमध्ये कॅटलान, गॅलिशियन आणि बास्क पक्षांनी मिळून एकच यादी दिली होती आणि तिचे तीन उमेदवार निवडून आले. कॅटलोनियाच्या डायाना रिबा आणि गॅलिसियाच्या आना मिरांदा या संयुक्त गटात आहेत, तर बास्क प्रदेशाचे पेर्नांदो बारेना डाव्या पक्षांच्या गटात बसतात. संसदेतील गटांची रचना दर निवडणुकीनंतर नव्याने करावी लागते, त्यामुळे 2029 साली हरित आणि प्रादेशिक पक्षांना एकमेकांशी पुन्हा बोलणी करावी लागतील, आणि तेव्हाही सात देशांतून 23 खासदार आणण्याचा नियम प्रादेशिक पक्षांना एकट्याने पेलणारा नसेल.