थाळीवाज्याची पेटी

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत, माडीवर नाहीतर बळदाच्या तोंडाशी, अजूनही एखादा चावीचा थाळीवाजा, म्हणजे ग्रामोफोन, सापडतो. वर माळवदाची माती, आत उंदरांचं बिऱ्हाड. घरची मंडळी आधी विचारतात, "वाजेल का?" मी आधी पेटी बघतो. स्प्रिंग नवी मिळते, कर्णाही मिळतो. कडेची नक्षी आणि मूळ पॉलिश पुन्हा मिळत नाही.

पेटी सुताराकडे गेली, की बिचारा त्याच्या परीनं चांगलंच करायला जातो: रंधा मारतो, पॉलिश पेपरनं घासतो, वर मेलामाइन फवारतो. मला हे मुळीच पटत नाही. बाजारात पितळी कर्ण्याचे नकली फोनो ढिगानं आहेत. खरवडलेली अस्सल पेटी त्यांच्याच रांगेत जाऊन बसते. त्यातून लाकडावर पातळ पापुद्रा चिकटवलेला असला, तर रंध्याच्या दोन हातांत तोही जातो.

आधी पॉलिश ओळखा. पेटीच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं. गंमत बघा, मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडीही लाखेचीच, दगडाची भुकटी मिसळून केलेली. कोलकात्यात सियालदाला 1908 साली अशा तबकड्यांचा कारखाना निघाला. म्हणजे वाजणारी वस्तू आणि तिचं घर, दोन्हींवर लाख देणाऱ्या एकाच किड्याचे उपकार!

लाखेवर लाख बसते, म्हणून जुनं काढावं लागत नाही. मळ टर्पेंटाइननं, मऊ ब्रशनं काढा. पाणी नको, जुने सांधे सरसाचे असतात, ते ओलीनं सुटतात. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात लाकूड आकसून सांधे उघडलेले असतात, तिथे पुन्हा सरसच भरा. फेव्हिकॉल लावलात तर पुढचा कारागीर तुम्हाला शिव्या घालील. एचएमव्ही कंपनीच्या कुत्र्याचं चित्र असेल, तर त्याच्या आसपास स्पिरिट नेऊ नका.

पेटी कागदावर ठोकून पाहा. बारीक पिठासारखी भुकटी पडली, तर आत कीड जिवंत असू शकते. आधी तिचा बंदोबस्त. तुटलेल्या नक्षीसाठी नवा साग आणू नका, पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा तुकडा मिळवा. त्याचा रंग लवकर जुळतो.

पॉलिश दिवाळीनंतर करा. पावसाळी दमट हवेत लाख पांढुरकी पडते. एक लिटर स्पिरिटात साधारण 200 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवावी, विस्तवापासून लांब. मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं पातळ हात द्यावेत. बोळा लाकडावर थांबला की डाग पडलाच.

एक राहिलं, आणि ते सगळ्यांत आधीचं. यंत्र काढण्यापूर्वी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग सुटली, तर बोटं कापते.

नमस्कार.