आई कामाला गेली होती

नमस्कार मंडळी.

२५ एप्रिल २०२१. करोनामुळे त्या वर्षीचा ऑस्कर सोहळा लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात, म्हणजे चक्क रेल्वे स्थानकात भरला होता. ‘मिनारी’ या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं नाव पुकारलं गेलं आणि ७३ वर्षांच्या युन यो-जंग मंचावर आल्या. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार. माझं नाव तुम्ही सगळे वाटेल तसं उच्चारता, पण आज सगळ्यांना माफ, असं म्हणून त्यांनी सभागृह हसवलं. मग त्यांनी आपल्या दोन मुलांचे आभार मानले. याच पोरांनी मला घराबाहेर पडून काम करायला लावलं, आईने इतके कष्ट केले त्याचं हे फळ, अशा अर्थाचं त्या बोलल्या. लोक पुन्हा हसले.

मला मात्र ते वाक्य त्यांच्या सगळ्या भाषणात सर्वांत खरं वाटतं. आज मी त्याच वाक्याबद्दल बोलणार आहे. युनबाईंची थोरवी बहुतेक जण सुरुवातीच्या वादळी यशात शोधतात, नाहीतर म्हातारपणीच्या ऑस्करमध्ये. माझं म्हणणं असं, की ही अभिनेत्री घडली ती मधल्या काळात, ज्या काळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पोरांच्या फीसाठी मिळेल ते काम त्या घेत होत्या, तेव्हा.

पण आधी थोडं मागे जाऊ. जन्म १९४७ चा, केसाँगचा. हे गाव आज उत्तर कोरियात आहे. कोरियात दोन वेगळी सरकारं आली, मग युद्ध झालं, हे सगळं त्यांच्या बालपणातच घडलं. त्या वाढल्या सोलमध्ये. वडील लवकर गेले, आईने नोकरी करून घर चालवलं. हान्यांग विद्यापीठात कोरियन साहित्य शिकत असताना १९६६ मध्ये त्यांनी टीव्ही वाहिनीची कलाकार निवड चाचणी दिली, निवडल्या गेल्या आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं.

१९७१ हे वर्ष त्यांचं. टीव्हीवर त्या जांग ही-बिन झाल्या. जोसन राजघराण्याच्या इतिहासातली ही कुप्रसिद्ध राणी, राजाच्या हुकुमावरून विष पाजून मारली गेलेली. प्रेक्षकांना तिचा इतका राग आला, की युनबाई ज्या शीतपेयाच्या जाहिरातीत होत्या, त्या जाहिरातीच्या पोस्टरवरचे त्यांचे डोळे लोकांनी फोडले. जाहिरात हातची गेली. खलनायिका रंगवणाऱ्या नटीला याहून मोठी पावती कोणती!

त्याच वर्षी किम की-यंग या दिग्दर्शकाने त्यांना ‘ह्वान्यो’ या चित्रपटात घेतलं. ह्वान्यो म्हणजे आगीची बाई. खेड्यातून आलेली एक मुलगी कोंबड्या पाळणाऱ्या घरात मोलकरीण म्हणून राहते आणि ते घर आतून पेटत जातं. किम की-यंग यांनी स्वतःच्याच १९६० च्या ‘हान्यो’ची, म्हणजे ‘मोलकरीण’ची, ही नव्याने मांडणी केली होती. युनबाईंचा हा पहिलाच चित्रपट. त्यासाठी त्यांना कोरियातला ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला आणि स्पेनमधल्या सिचेस महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून निवड झाली. तरुणपणी आपल्याला किम की-यंग नुसते विक्षिप्त वाटायचे, त्यांचं मोठेपण कळायला फार वर्षं लागली, असं बाई पुढे सांगायच्या. ते कळलं तेव्हा दिग्दर्शक हयात नव्हते. १९९८ मध्ये घराला लागलेल्या आगीत ते आणि त्यांची पत्नी दोघेही गेले. ऑस्करच्या मंचावरून त्यांचं नाव घेताना बाई म्हणाल्या, ते असते तर त्यांना फार आनंद झाला असता.

यशाच्या शिखरावर असताना युनबाईंनी एका गायकाशी लग्न केलं आणि त्या फ्लोरिडाला गेल्या. दोन मुलगे झाले. जवळजवळ दहा वर्षं त्या पडद्यावर नव्हत्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कुटुंब कोरियात परतलं आणि १९८७ मध्ये घटस्फोट झाला.

इथे जरा थांबते. त्या काळच्या कोरियात घटस्फोटित बाई टीव्हीवर दिसणं लोकांना खपत नव्हतं. ही बाई आमच्या दिवाणखान्यात नको, अशा तक्रारी प्रेक्षक वाहिनीकडे करायचे. ज्या प्रेक्षकांनी राणीचे डोळे फोडले होते, ते आता खऱ्या बाईवर दात धरून होते. पदरात दोन पोरं, हाताशी पैसा नाही, वय चाळिशीचं. परत अमेरिकेला जावं आणि एखाद्या सुपरमार्केटात काम धरावं, असं त्यांच्या मनात घोळत होतं. तिथल्या किमान मजुरीचा त्यांच्या आठवणीतला आकडा त्यांना ऑस्करच्या वेळीही पाठ होता: ताशी २.७५ डॉलर. ज्याने तासांचा गुणाकार करून घरभाडं बसतंय का हे कधी पाहिलंय, त्यालाच असा आकडा तीस-पस्तीस वर्षं लक्षात राहतो.

तुझ्यात कला आहे, जाऊ नकोस, असं सांगून त्यांना धीर देणाऱ्यांत मालिका-लेखिका किम सू-ह्यून होत्या. त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘प्रेम आणि महत्त्वाकांक्षा’ या १९८७ च्या मालिकेत बाई दिसल्या. पुढे १९९१-९२ मध्ये ‘प्रेम म्हणजे काय’ आली, कोरियन टीव्हीवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या मालिकांपैकी एक. त्यातही त्या होत्या. नायिका म्हणून नव्हे. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची मावशी. आपल्याकडे ज्यांना चरित्र अभिनेत्री म्हणतात, तसं काम. आलेली भूमिका नाकारायची नाही, ती केवढी आहे हे विचारायचं नाही, वेळेवर पोचायचं, संवाद चोख पाठ करून जायचं. नटाला पैशाची गरज असते तेव्हा तो सगळ्यांत चांगलं काम करतो, असं त्या उघडपणे म्हणतात. आपल्याला कलेला पोटापासून लांब ठेवायची सवय आहे, म्हणून हे ऐकताना आपण अवघडतो. पण जरा विचार करा. पंधरा-सोळा वर्षं ही बाई रोज वेगवेगळ्या घरांतल्या आया उभ्या करत होती. भाजी निवडता निवडता मुलाला टोमणा कसा मारायचा, व्याह्यांसमोर राग कसा गिळायचा, हे सगळं त्या हातांत आणि मानेत मुरत गेलं. नाट्यशाळेत इतकी तालीम कुणाला मिळते?

पुढचं तुम्हाला बहुधा माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. २००३ मध्ये इम सांग-सू यांच्या चित्रपटातून त्या मोठ्या पडद्यावर परतल्या. होंग सांग-सू या दिग्दर्शकाबरोबर काम केलं. २०१० मध्ये इम सांग-सू यांनी ‘हान्यो’ पुन्हा काढला आणि त्यात युनबाई झाल्या घरातली जुनी, म्हातारी मोलकरीण. १९७१ मध्ये ज्या कथेत त्या तरुण मोलकरीण होत्या, त्याच कथेत एकोणचाळीस वर्षांनी मालकाच्या घरातला सगळा चिखल पाहिलेली, तोंड मिटून राहिलेली बाई. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक बघा. एका नटीचं सगळं आयुष्य त्या दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये आहे. २०१६ मध्ये ‘द बॅकस लेडी’ आला. सोलच्या जोंगनो भागात टॉनिकच्या बाटल्या विकण्याच्या आडून देहविक्रय करणारी एकाकी म्हातारी त्यांनी त्यात उभी केली. ही भूमिका स्वीकारायला निधडी छाती लागते.

साठी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःशी ठरवलं, की यापुढे आवडत्या माणसांबरोबरच काम करायचं. आयुष्यभर गरजेपोटी काम केलेल्या बाईने स्वतःला दिलेली ही चैन. त्या चैनीतूनच ‘मिनारी’ आला. अमेरिकेत वाढलेले कोरियन वंशाचे दिग्दर्शक ली आयझॅक चंग यांची ही बालपणाची गोष्ट. चित्रीकरण २०१९ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या टल्सा परिसरात झालं, तेही अगदी तुटपुंज्या पैशांत. युनबाई आणि त्यांच्या मुलीची भूमिका करणाऱ्या हान ये-री भाड्याच्या एकाच घरात राहिल्या, आणि बाकीची मंडळी जेवायला तिथेच जमायची. तुमच्या आजीची नक्कल करू का, असं बाईंनी दिग्दर्शकाला आधीच विचारून घेतलं. नको, तुमच्या मनाप्रमाणे करा, असं उत्तर मिळालं, तेव्हा हा माणूस त्यांच्या मनात भरला.

त्यातला एक प्रसंग सांगते. आजी कोरियाहून अर्कान्सासमधल्या शेतावर लेकीच्या घरी येते. पिशव्यांतून लाल तिखट निघतं, सुके मासे निघतात आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी येतं. परदेशातल्या लेकीकडे गोडा मसाला आणि मेतकूट बांधून नेणाऱ्या आया या सभागृहातही बसल्या असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. मग आजी नातवासाठी चेस्टनट काढते, दातांनी फोडते, तोंडातून हातावर काढते आणि तेच त्याच्यापुढे धरते. नातू किळसून मागे सरतो. या क्षणी युनबाईंच्या चेहऱ्याकडे बघा. दुखावल्याचा लवलेश नाही. पोरगं खाईल तेव्हा खाईल, एवढंच त्या चेहऱ्यावर आहे. दुसरी नटी असती तर इथे डोळे भरून आणले असते. पुढे हीच आजी नातवंडांना पत्ते शिकवते, पत्ते आपटताना शिव्या देते. आणि ओढ्याकाठी मिनारीचं बी टाकते. मिनारी ही पाणथळ जागी, फारशी देखभाल न मागता माजणारी कोरियन भाजी.

नंतर २०२२ मध्ये ‘पाचिन्को’ आली. त्यात जपानमध्ये आयुष्य काढलेली वृद्ध सुंजा एका घरी भाताचा घास तोंडात घालते आणि थबकते. हा तांदूळ आपल्या मातीतला आहे, हे तिला चवीवरून कळतं. त्या घासासाठी तरी ती मालिका बघा.

आता शेवटचं एक दृश्य. मार्च २०२२. आदल्या वर्षीच्या विजेत्या म्हणून युनबाई सहायक अभिनेत्याचा पुरस्कार द्यायला मंचावर आल्या. पाकीट उघडलं आणि नाव उच्चारण्याआधी त्यांनी हातांनी खूण केली. विजेते होते ट्रॉय कोट्सर, जे ऐकू शकत नाहीत आणि खुणांच्या भाषेत बोलतात. ते मंचावर आले, ऑस्करची बाहुली हातात घेतली आणि बोलायला लागणार तोच अडचण झाली. बोलण्यासाठी त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. युनबाईंनी त्यांच्या हातातून ती जड बाहुली काढून घेतली आणि त्यांचं भाषण संपेपर्यंत ती धरून, त्यांच्याकडे बघत, बाजूला उभ्या राहिल्या.