माळावरचा तरवड

श्रोतेहो, नमस्कार. आज तरवडाविषयी बोलू. अथणी, रायबागच्या माळावर पिवळ्याधमक फुलांचे घोस घेऊन उभं असलेलं, कमरेएवढं, कुठं डोक्याएवढं झुडूप तुम्ही पाहिलंच असेल. मुरूम असो की अग्रणी नदीकाठची वाळूसर जमीन, तरवड पावसाच्या पाण्यावर तग धरतो. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण लागत नाही. कातडं कमवायला पूर्वी याची साल वापरायचे.

नवरात्रातली एक गोष्ट सांगतो. अथणीकडं माझ्या आत्याच्या घरी घट बसायचे आणि माळ तरवडाच्या फुलांचीच व्हायची. सकाळी मी दुरडी घेऊन बांधावर गेलो, आत्या मागोमाग. फांदी ओढणार तोच तिनं हात धरला. "थांब की जरा. त्याचं होऊ दे."

फुलावर मोठा काळा भुंगा बसला होता. एकाएकी त्याचा आवाज चढला, घूंऽऽ, आणि अख्खं फूल थरथरलं. क्षणभर थांबला, पुन्हा घूंऽऽ. उडाला तेव्हा अंगावर पिवळी पूड. मग आत्या म्हणाली, "आता तोड. पर एकाच झाडाची समदी नको, शेंगा धरायला पायजेत."

मंडळी, तरवडाच्या फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक भोकं असतात. भुंगा अंग थरथरवतो तेव्हा त्यातून पराग बाहेर उडतात. पुन्हा सांगतो: मध नाही, नुसते पराग, आणि तेही थरथरवून काढायचे. भुंग्याचं काम झालं तर शेंग धरणार.

हल्ली घटाला प्लास्टिकच्या माळा घालतात, ते मला मुळीच पटत नाही. देवीपुढं रात्रभर कर्णे लावतात, तेही नाही. आजारी माणसानं, अभ्यासाच्या पोरानं झोपायचं कधी? आणि जेसीबी लावून बांध खरवडू नका हो, तरवड मुळासकट जातो.

लावायचा असेल तर वाळलेल्या चपट्या शेंगा आत्ताच जमवून ठेवा. बी टणक असतं. त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर भिजवा आणि जूनचा पाऊस लागला की थेट जागेवरच टोका. जागेवरच, बरं का. सोटमूळ खोल जातं, उपटून दुसरीकडं लावलेलं रोप बहुधा जगत नाही.