हृदयरोगाची जनुकं आणि न मोजलेली माणसं

पडद्यावर दिसतेय ती यकृताची एक पेशी. तिच्यावरचे हे रिसेप्टर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल पकडून आत ओढतात. आणि हे पीसीएसके9 नावाचं प्रथिन. ते रिसेप्टरला चिकटतं आणि पेशीकडून त्याचा नाश करवतं. रिसेप्टर घटले की कोलेस्टेरॉल रक्तातच साचत राहतं.

2003 मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या प्रथिनाचं जनुक गरजेपेक्षा जास्त काम करताना आढळलं. त्यांचं कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेनेच फार वाढलेलं होतं. मग अमेरिकेत डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट्या दिशेने शोध घेतला. हेच जनुक बंद पडलेली माणसं कुठे असतील का?

ती सापडली, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांत. त्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 3,363 कृष्णवर्णीय सहभागी होते. त्यांपैकी 2.6 टक्के लोकांत हे जनुक निकामी करणारे बदल होते. त्यांचं एलडीएल सरासरी 28 टक्क्यांनी कमी होतं आणि 15 वर्षांच्या पाहणीत हृदयधमनीविकाराचा धोका तब्बल 88 टक्क्यांनी कमी! यांतल्या अनेकांना उच्च रक्तदाब होता, कित्येक जण धूम्रपान करत होते, तरीही. हृदयरोगाच्या संशोधनात इतका स्पष्ट पुरावा क्वचितच हाती लागतो. पीसीएसके9 रोखणारी औषधं 2015 मध्ये मंजूर झाली आणि आज ती सगळ्याच वंशांच्या रुग्णांना दिली जातात. केवळ गोऱ्या लोकांचे नमुने तपासले असते, तर हे बदल बहुधा नजरेतून सुटले असते.

पण अशी दूरदृष्टी हा अपवाद होता. 2016 मध्ये झालेल्या एका मोजणीनुसार, जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांतले 81 टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. माणसाची सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेत असूनही!

याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात काही जनुकीय बदल घातक मानले जात होते. त्याच वर्षी लक्षात आलं, की त्यांतले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत सर्रास आढळतात आणि ते निरुपद्रवी आहेत. जुन्या अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात कृष्णवर्णीय माणसं पुरेशी नव्हती, एवढंच कारण. तोवर काही रुग्णांना चुकीचे अहवाल गेले होते. असा अहवाल आला, की नातेवाइकांच्याही तपासण्या सुरू होतात आणि खेळाडूचा खेळ सुटू शकतो. ही चूक मुळात टाळता येण्याजोगी होती.

दक्षिण आशियातलं चित्र अजून स्पष्ट होतं आहे. एमवायबीपीसी3 या जनुकातली डीएनएची 25 अक्षरं गळालेली असणं इथल्या सुमारे 4 टक्के लोकांत आढळतं. 2009 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात त्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध दिसला. पुढे कळलं, की यांतल्या थोड्या लोकांत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि धोक्याचा बराचसा भार त्याच्यावर असू शकतो. हा बारकावा युरोपच्या नमुन्यांत दिसणं शक्यच नव्हतं.

आता हजारो बदलांची बेरीज करून हृदयविकाराच्या धोक्याचा एकच गुणांक काढतात. युरोपीय माहितीवर बेतलेला हा गुणांक इतर समूहांत, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत, कमी अचूक ठरतो. तुमच्या हाती असा अहवाल आलाच, तर हा गुणांक कोणत्या लोकांवर पडताळला आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.