रविवारचं मटण आणि अंगातला दाह

(दृश्य: रविवार सकाळ, विजापूर वेस परिसर. मटणाचं दुकान, चिंचेच्या लाकडाचा ओंडका, त्यावर चालणारा सुरा.)

"मावशी, चरबी टाकू का?"

"टाक की थोडी. वर तर्री नको का यायला?"

सोलापुरात रविवारी हा संवाद दुकानादुकानांत ऐकू येतो. अर्धा किलोत एखादी नळी, कलेजीचा तुकडा, वर दोन तुकडे चरबी. घरी काळा मसाला, सुकं खोबरं, ज्वारीची कडक भाकरी. कुणी भाजनालयातून भाजलेलं मटणच घरी आणतं. आणि हल्ली याच घरांमध्ये मोबाइलवर एक वाक्य फिरतंय : लाल मांस खाल्लं की अंगात कायमचा दाह होतो. बकरा, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांचं मांस म्हणजे लाल मांस. कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत.

यात तथ्य किती?

तव्याचा चटका बसला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं आणि चार दिवसांत बरं होतं. हाही दाहच, आणि तो लागतोच. त्याच्याशिवाय जखम भरत नाही. काळजी आहे ती न दुखणाऱ्या, वर्षानुवर्षं चालू राहणाऱ्या दाहाची. हृदयविकार आणि टाइप 2 मधुमेह यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो रक्तात मोजता येतो. यकृतात तयार होणारं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, दाह वाढला की वाढतं. 1930 मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी.)

मटणाचा आणि दाहाचा संबंध जोडणारं सगळ्यात विलक्षण संशोधन डॉ. अजित वर्की यांचं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले हे डॉक्टर अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत काम करतात. बकरी, मेंढी, गाय, डुक्कर यांच्या पेशींवर न्यू-5-जीसी नावाची एक साखर असते. माणसाच्या शरीरात ती बनत नाही. ती बनवणारं जनुक आपल्या पूर्वजांमध्ये वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच निकामी झालं. पण मटण खाल्लं की तिचा थोडा अंश आपल्या पेशींवर जाऊन बसतो. शरीर तिला परकी समजतं आणि तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तर आपल्या रक्तात आधीच असतात. पेशी आपली, त्यावरची साखर बकऱ्याची, आणि हल्ला करणारेही आपणच!

2015 मध्ये त्यांच्या गटाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसासारखीच ही साखर न बनवणारे उंदीर घेतले, त्यांना ती खाऊ घातली, वर अँटिबॉडी दिल्या. उंदरांच्या अंगात दाह वाढला, यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्या. उंदरांच्या, एवढं मात्र विसरायचं नाही. माणसात हे असंच घडतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

दुसरी वाट आतड्यातून जाते. मांसातल्या कार्निटिनपासून आतड्यातले जिवाणू एक पदार्थ बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं, आणि ते रक्तवाहिन्यांना त्रासदायक ठरत असावं, असं अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं.

प्रत्यक्ष माणसांमध्ये काय दिसलं? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीवर 2014 मध्ये एक अभ्यास आला. जास्त लाल मांस खाणाऱ्या बायकांचं सीआरपी जास्त निघालं. पण त्यांचं वजन हिशेबात धरल्यावर तो फरक बराचसा नाहीसा झाला. त्याआधी 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये साठ जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला होता. काहींच्या जेवणातला थोडा भात-पाव काढून त्याजागी बिनचरबीचं लाल मांस दिलं. दाहाच्या खुणा वाढल्या नाहीत.

म्हणून माझं बोट आधी पोटाकडे जातं. पोटावरची चरबी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, आणि त्यातलं एक, इंटरल्युकिन-6, यकृताला सीआरपी बनवायला लावतं. 2023 मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि पोटाचा स्थूलपणा 39.5 टक्के लोकांत. ओंडक्यावरून वर टाकलेले चरबीचे ते दोन तुकडे आणि तेलाची तर्री मला मटणापेक्षा जास्त खटकतात, ते यामुळे.

शिजवण्याच्या रीतीनेही फरक पडतो. कोरड्या, कडक आचेवर मांस भाजलं की त्यात एजीई नावाची संयुगं वाढतात, आणि त्यांचा दाहाशी संबंध जोडला जातो. पाण्यात शिजवलेल्या रश्श्यात ती कमी असतात. लिंबात मुरवून ठेवलं तर भाजतानाही कमी होतात. निखाऱ्यावरच्या कबाबापेक्षा घरचा रस्सा बरा. सॉसेज-सलामीची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. साधं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे.

(दृश्य: एका घराचा ओटा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेला तेंदूपत्ता, दोरा. बोटं थांबत नाहीत.)

विडी वळणाऱ्या या बाईला "मटण सोडा" म्हणून सांगायला माझी जीभ वळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. मटणातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं, शिवाय बी-12 मिळतं. तिच्या वाट्याला आठवड्यातून दोन-तीन फोडी येतात, त्याही सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर. रोज दोन्ही वेळा मटण आणि पोट सुटलेलं असलेल्या माणसाला जो सल्ला द्यायचा, तो हिला लागू नाही.

सीआरपीची हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं सीआरपीही मोजणारी, तपासणी करून घेणार असाल, तर सर्दी-ताप, दातदुखी, जखम असताना करू नका. लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा हृदयाच्या दृष्टीने चांगला, 3 च्या वर गेला तर डॉक्टरांशी बोला. 10 च्या वर असेल, तर आधी अंगात कुठे जंतुसंसर्ग आहे का ते पाहतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.